झाडांच्या आणि बागेच्या कामासाठी मिनी पोकलेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील आंबा-काजू बागायतदार, नारळ-सुपारीच्या वाड्यांचे मालक आणि यंत्र भाड्याने देणारे व्यावसायिक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा संबंध आला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिनी पोकलेन म्हणजे नेमके कोणते यंत्र? जेसीबीने तेच काम होत नाही का?

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव, परंतु साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या आणि वरचा भाग पूर्ण गोल फिरवता येणाऱ्या खोदयंत्राला आपल्याकडे सरसकट हेच नाव पडले आहे. त्यातील सुमारे सहा टनांपर्यंतच्या यंत्रांना मिनी म्हणतात. बाजारात सात-आठ टनांचे यंत्रही काही जण याच नावाने देतात. ज्याला आपण जेसीबी म्हणतो ते चाकांवरचे यंत्र रस्त्याने स्वतः येऊ शकते आणि पुढच्या बकेटने माती भरू शकते, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र त्याचा मागचा हात अर्ध्या वर्तुळातच फिरतो, काम सुरू करण्यापूर्वी पाय टेकवावे लागतात आणि त्याचे सात-आठ टन वजन चार चाकांच्या लहान जागेवर येते. दोन कलमांच्या मधून वाट काढत, मुळांवरची माती न दाबता काम करायचे असेल तर मिनी पोकलेन उजवे ठरते.

२. माझ्या बागेसाठी किती टनांचे यंत्र मागवावे?

आधी वाट मोजा, मग काम मोजा. वाडीच्या बेड्यातून (फाटकातून), दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून किंवा घराच्या पडवीशेजारून यंत्र आत जाणार असेल तर रुंदी हाच पहिला निकष असतो. दीड-पावणेदोन टनांच्या काही यंत्रांचे ट्रॅक आत ओढून रुंदी सुमारे एक मीटरपर्यंत कमी करता येते. तीन-साडेतीन टनांच्या यंत्राला साधारण दीड-पावणेदोन मीटर आणि पाच टनांच्या यंत्राला सुमारे दोन मीटर वाट लागते.

आळी करणे, चर काढणे, सुपारीच्या वाडीतील सफाई आणि काजूचे खड्डे यांसाठी लहान यंत्र पुरते. जुन्या आंब्याचा खुंट काढायचा किंवा जांभ्यात ब्रेकर (दगड फोडणारे साधन) चालवायचा असेल तर पाच टनांखालील यंत्राचे तास वाढतात आणि भाड्यातील बचत तेथेच संपते. मागची बाजू ट्रॅकच्या बाहेर न येणारी यंत्रे झाडांच्या गर्दीत सोयीची असतात, कारण वळताना शेपटीचा धक्का खोडाला बसत नाही. अशा काही यंत्रांची बाजूला भार पेलण्याची क्षमता मात्र कमी असते; त्याचा संबंध प्रश्न ७ शी आहे.

३. यंत्राने ढकलून झाड पाडता येईल का?

उभे झाड ढकलून पाडू नये. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचे उत्तर पटवून द्यायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मिनी पोकलेनचा हात झाडाला फार तर तीन-चार मीटर उंचीवर टेकतो. तेथून धक्का दिला की शेंड्याकडचा भाग मागे-पुढे हेलकावतो, आणि वाळलेली फांदी किंवा पोखरलेला शेंडा तुटून थेट चालकाच्या डोक्यावर येतो. मुळे एका बाजूने आधी सुटली तर झाड अपेक्षित दिशेला न जाता फिरून पडते. शिवाय, पडणाऱ्या झाडाचा मुळांचा गड्डा वर येताना यंत्राचा पुढचा भाग उचलू शकतो.

योग्य क्रम असा आहे. झाड तोडणाऱ्या अनुभवी माणसाने आधी फांद्या उतरवाव्यात, मग करवतीने झाड पाडावे, आणि यंत्राने ओढणे, आधार देणे, उचलणे व शेवटी खुंट काढणे ही कामे करावीत. दोराने दिशा द्यायची असेल तर यंत्र झाडाच्या उंचीपेक्षा बरेच अधिक अंतरावर ठेवावे आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या तोडणे कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण बकेट ही माणूस उचलण्यासाठी केलेली वस्तू नाही.

४. खुंट मुळासकट काढण्याची योग्य पद्धत कोणती?

झाड तोडतानाच बुंधा जमिनीलगत न कापता एक ते दीड मीटर उंच ठेवायला सांगा. तेवढा बुंधा पुढे तरफेचे काम करतो. जमिनीलगत कापलेल्या खुंटाला यंत्राने धरायला काही उरत नाही आणि दुप्पट खोदावे लागते.

त्यानंतर अरुंद बकेटने किंवा एकदाती रिपरने (जमीन चिरणाऱ्या दात्याने) खुंटाच्या तीन बाजूंनी चर काढावा, आडवी मुळे एकेक करून तोडावीत आणि मधूनमधून बुंधा ढकलून कोणते मूळ अजून धरून आहे ते पाहावे. एकाच मुळाशी झटापट करत इंजिनवर जोर देण्यापेक्षा यंत्र हलवून दुसऱ्या बाजूने जाणे नेहमी स्वस्त पडते. जांभ्याच्या कातळावर आंब्याची मुळे खाली न जाता भेगांतून लांबवर पसरतात. तेथे चर खोल करण्याऐवजी लांब करावा लागतो.

नारळाची गोष्ट निराळी आहे. त्याला सोटमूळ नसते, बुंध्याच्या तळातून बोटाएवढी जाड अशी हजारो मुळे निघतात, आणि चारही बाजूंनी बकेट उतरवली की सारा गड्डा एकसंध निघतो. काढलेले नारळाचे खोड वाडीच्या कोपऱ्यात कुजत टाकू नका. कुजणारे खोड हे गेंड्या भुंग्याचे प्रजननस्थान आहे, आणि एका जुन्या माडाची विल्हेवाट टाळल्याने शेजारचे तरणे माड पोखरले जातात.

५. कलमांसाठी खड्डे बकेटने काढावेत की ऑगरने?

कोकणात आंब्याला आणि नारळाला एक मीटर लांब, रुंद व खोल, तर काजूला साधारण साठ सेंटीमीटरचा खड्डा घेण्याची पद्धत आहे. आंब्याची पारंपरिक लागवड दहा मीटर अंतरावर केली तर हेक्टरी शंभर खड्डे होतात. एवढे काम बकेट व्यवस्थित करते आणि वरची चांगली माती वेगळी, खालची मुरमाड माती वेगळी अशी टाकताही येते. ही वर्गवारी ऑपरेटरला काम सुरू होण्यापूर्वी सांगावी लागते. नंतर सांगून उपयोग नसतो.

ऑगर, म्हणजे गोल फिरून जमिनीत खड्डा पाडणारे साधन, वेगवान आहे, पण चिकण मातीत त्याच्या फिरण्याने खड्ड्याच्या भिंती घोटल्या जाऊन गुळगुळीत होतात. अशा खड्ड्यात पाणी कुंडीसारखे साचते आणि कोवळी मुळे भिंतीला लागून गोल फिरत राहतात. ऑगर वापरलाच तर नंतर पहारीने किंवा बकेटच्या दाताने भिंती खरवडून घ्याव्यात. सलग कातळ असेल तर प्रथम ब्रेकर लावावा लागतो. तळाला भेग पडून पाणी खाली मुरते की नाही हे बादलीभर पाणी ओतून पाहिल्याशिवाय कलम लावू नये.

६. झाडांच्या कामासाठी कोणती जोडसाधने घ्यावीत? यंत्रात काय बदल लागतात?

एकच साधन घ्यायचे असेल तर थंब घ्या. बकेटसमोर अंगठ्यासारखा मिटणारा हा भाग फांद्या, ओंडके आणि दगड धरतो, आणि तो असला की मूळ खोदणे व उचलणे ही दोन्ही कामे साधन न बदलता होतात. ओंडक्यांचेच काम जास्त असेल तर फिरणारे ग्रॅपल, म्हणजे ओंडके पकडणारा पंजा, चांगले. त्यानंतर रिपरचा क्रम लागतो. झुडपांचा भुगा करणारा मल्चर आणि खोड कापणारी कात्री ही साधने उपयुक्त असली तरी लहान यंत्रासाठी जड पडतात.

खरा बदल हायड्रॉलिक व्यवस्थेत लागतो. आपल्याकडील बऱ्याच यंत्रांवर केवळ ब्रेकरची लाइन असते. तिच्यात तेल एकाच दिशेने जाते आणि सरळ टाकीत परत येते. थंब, ग्रॅपल आणि उलटसुलट फिरणारा ऑगर यांना दोन्ही दिशांनी तेल लागते. ग्रॅपल गोल फिरवायचे असेल तर बहुधा दुसरी लाइनही लागते. मल्चरच्या मोटारीला या दोन पाइपांखेरीज आतली गळती दाबाविना टाकीत नेणारा तिसरा बारीक पाइप बहुतेक वेळा आवश्यक असतो; तो जोडला नाही किंवा मुडपला गेला तर मोटारीचे सील फुटते, आणि दोष मात्र साधनावर ढकलला जातो.

म्हणून साधन खरेदी करण्यापूर्वी तीन आकडे जुळवा: यंत्र मिनिटाला किती लिटर तेल देते, किती बार दाबाने देते, आणि साधनाचे वजन किती आहे. दीड-दोन टनांचे यंत्र साधारण पंचवीस ते पस्तीस लिटर तेल देते. तेवढ्यावर मल्चर फिरतो, पण फांदी लागताच थांबतो आणि तेल तापते.

७. यंत्र किती वजनाचा ओंडका उचलू शकेल, हे कसे ठरवावे?

ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण नऊशे ते हजार किलो धरावे. ओंडक्याचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला लांबीने आणि पुन्हा ०.७८५ ने गुणा, म्हणजे घनमीटर मिळतात. चाळीस सेंटीमीटर व्यासाचा दोन मीटर ओंडका सुमारे अडीचशे किलोचा होतो; साठ सेंटीमीटर व्यासाचा तीन मीटर ओंडका मात्र साडेआठशे किलोच्या घरात जातो. डोळ्यांना दुसरा ओंडका पहिल्याच्या दुप्पट वाटतो, प्रत्यक्षात तो तिपटीहून जड असतो, आणि बहुतेक अपघात याच फसगतीतून होतात.

यंत्राच्या लोड चार्टमध्ये अंतरानुसार क्षमता दिलेली असते. हात जितका लांब तितकी ती झपाट्याने घटते, आणि ब्लेड (यंत्राच्या पुढची माती ढकलणारी पाटी) टेकवून समोर जेवढे उचलता येते तेवढे बाजूला वळल्यावर पेलत नाही. साधनाचे वजनही त्याच आकड्यातून वजा करावे लागते. ओंडका जमिनीपासून गुडघ्याएवढाच उचलून, यंत्राच्या जवळ धरून न्यावा. साखळी बकेटच्या दातांना अडकवू नये. त्यासाठी ठरवून दिलेला हूकच वापरावा.

८. गावातील वर्कशॉपमध्ये थंब वेल्ड करून घेतला तर चालेल का?

आपल्याकडे उत्तम कारागीर आहेत आणि अनेकांनी चांगले थंब बनवलेही आहेत, त्यामुळे सरसकट नाही म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु यंत्राचा आर्म (हाताचा बकेटकडचा भाग) ही आतून पोकळ पेटी असते. तिच्या पातळ पत्र्यावर आडवे वेल्डिंग केले की उष्णतेने तेथील पोलाद ठिसूळ होते, आणि काही महिन्यांनी वेल्डच्या कडेने केसाएवढी भेग दिसू लागते. ती ग्रीस आणि धुळीखाली लपते. कापडाने पुसून, तिरप्या उजेडात पाहिले तरच कळते.

शक्य असेल तर बकेटच्या पिनवर बसणारा थंब घ्या. वेल्ड करायचाच असेल तर निर्मात्याने दाखवलेल्या जागीच, मोठ्या पट्टीवर भार पसरवून करावा, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात. वॉरंटीतील यंत्रावर हा प्रयोग करण्यापूर्वी विक्रेत्याची लेखी संमती घ्यावी.

९. छत असलेले यंत्र झाडाच्या कामाला सुरक्षित आहे का?

खोदकामासाठी दिलेले साधे छत म्हणजे जंगलकामाचे संरक्षण नव्हे. एक ते सहा टनांच्या यंत्रांवरील सांगाडा हा यंत्र कलंडले तर चालक चिरडू नये यासाठी असतो. वरून पडणारी फांदी आणि समोरून घुसणारा सोट यांसाठी वेगळे, त्या कसोटीला उतरलेले छत आणि पुढची जाळी लागते. मल्चर किंवा कात्री लावणार असाल तर पुढे जाड पॉलिकार्बोनेट हवेच, कारण मल्चरचा तुटलेला दात किंवा दगडाचा कपरा गोळीसारखा येतो. अनेक मल्चरच्या पुस्तिकांत माणसांना सुमारे नव्वद मीटर लांब ठेवण्यास सांगितलेले असते. घरे जवळजवळ असलेल्या वाडीत एवढे अंतर मिळतच नाही, म्हणून तेथे मल्चर वापरूच नये.

सीट बेल्ट लावावा. यंत्र कलंडताना उडी मारणारा चालक छताच्या दांड्याखाली सापडतो.

१०. वादळात पडलेली झाडे काढताना कोणती विशेष काळजी घ्यावी?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि दिवेआगर, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील वाड्या व बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गाला झोडपले. त्या दिवसांत ज्यांनी हे काम केले त्यांना ठाऊक आहे की पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा अधिक धोकादायक असते.

मुळांसकट उलथलेल्या फणसाचे उदाहरण घ्या. खोड आडवे असते आणि माणसाच्या उंचीचा मुळांचा गड्डा मातीसह उभा राहिलेला असतो. त्या गड्ड्याला खोडाच्या वजनाने तोलून धरलेले असते. करवत बुंध्यातून पार होताच तो तोल सुटतो आणि दोन-तीन टनांचा गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो, किंवा पुढे कलंडलेला असेल तर कापणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून कापणी संपेपर्यंत यंत्राने बुंधा घट्ट धरून ठेवावा आणि नंतर गड्डा सावकाश खाली सोडावा. खड्ड्याकडच्या बाजूला कोणी, विशेषतः लहान मुले, जाणार नाहीत याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. विजेच्या तारा गुंतल्या असतील तर महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत यंत्र जवळ नेऊ नये. नुकसानभरपाईसाठी पंचनामा व्हायचा असेल तर झाड हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत.

तरुण आंब्याचे कलम अर्धवट उलथले असेल तर ते बहुधा वाचवता येते. उघड्या मुळांवर ओली माती व गोणपाट टाका, फांद्यांचा भार निम्म्यापर्यंत उतरवा, खोडाला गोणपाट गुंडाळून रुंद पट्टा लावा आणि यंत्राने एका दमात नव्हे, तर थोडे थोडे करून उभे करा. ते पूर्ण सरळ झालेच पाहिजे असा हट्ट धरू नका. किंचित कललेले, पण मुळे शाबूत असलेले कलम पुन्हा मोहोर धरते.

११. उभ्या झाडांजवळ यंत्र चालवल्याने त्यांना इजा होते का?

होते, आणि ती दोन-तीन वर्षांनी दिसते. झाडाची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या साठ सेंटीमीटर मातीत असतात. जपण्याच्या क्षेत्राचा एक वापरला जाणारा ठोकताळा असा की खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खोदाई करू नये. चाळीस सेंटीमीटरच्या खोडासाठी ते अंतर ४.८ मीटर होते. तेथून जावेच लागले तर जाड फळ्या किंवा फांद्यांच्या चुऱ्याचा थर टाकून एकाच वाटेने ये-जा करावी, आणि ट्रॅक जागच्या जागी वळवू नये. पावसाळ्यात भिजलेल्या लाल मातीवर काम करूच नये.

१२. मोठे झाड मुळासकट दुसरीकडे लावता येईल का?

खोडाच्या व्यासाच्या निदान दहापट व्यासाचा मातीचा गड्डा राखावा लागतो. म्हणजे दहा सेंटीमीटर खोडासाठी एक मीटर रुंद आणि सुमारे साठ सेंटीमीटर खोल गड्डा, ज्याचे वजन आठशे किलोच्या आसपास होते. तीन टनांचे यंत्र हा गड्डा अगदी जवळ धरूनच हलवू शकेल. हिशोब प्रश्न ७ प्रमाणे करावा. दोन-तीन महिने आधी चर काढून मुळे टप्प्याटप्प्याने छाटली तर झाड तगण्याची शक्यता वाढते. उचलताना पट्टा गड्ड्याखालून घ्यावा. खोडाला बांधून उचलले तर साल सुटते आणि गड्डा फुटतो.

१३. आमच्या बागेला उतार आहे आणि दगडी बांधही आहेत. तेथे काय पथ्य पाळावे?

चढ-उतार सरळ करावा, उतारावर आडवे जाऊ नये आणि भार उताराच्या बाजूला फिरवू नये. रचलेल्या बांधाच्या कडेपासून निदान त्याच्या उंचीइतके अंतर ठेवावे. चिऱ्यांचा कोरडा बांध वरून भक्कम दिसला तरी पावसाने आतली माती निघून गेलेली असते.

१४. झाडांच्या कामात यंत्राची देखभाल वेगळी करावी लागते का?

वाळलेला पाला रेडिएटरच्या जाळीत, इंजिनाच्या तळाशी आणि फिरणाऱ्या चकतीभोवती गच्च बसतो. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा तो काढावा, आणि यंत्रावर आग विझवण्याचे साधन असावेच, कारण गळक्या पाइपातील तेल आणि सुके गवत यांतून वणवा लागायला वेळ लागत नाही. खुंटांच्या टोकांनी रबरी ट्रॅक चिरतात. खुंटांवरून जाऊ नये. पाइपांना जाड आवरण घालावे.

काम सुरू करण्यापूर्वी झाडावर आग्या मोहोळ आहे का ते वर पाहावे, कारण उघड्या छताखालील चालकाला पळायला जागा नसते. गडगा किंवा जुना खुंट हलवताना फुरसे निघण्याची शक्यता धरून मदतनिसाने बूट घालावेत आणि उघड्या हाताने दगड उचलू नयेत.

१५. झाड माझ्या जमिनीत आहे. यंत्र लावण्यापूर्वी परवानगी लागते का?

अनेकदा लागते, आणि यंत्रमालकानेही ती पाहूनच यंत्र पाठवावे. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, खैर, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच अशी परिचित झाडे आहेत. शहरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम असून त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोड या व्याख्येत येते, म्हणजे मुळे तोडून झाड मारणे हा त्यातून सुटण्याचा मार्ग नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे.

सातबाऱ्यावर वन किंवा खाजगी वन अशी नोंद असेल तर यंत्र आत नेण्यापूर्वी वन विभागाकडे जावे. खारफुटीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर तोडीला मनाई केली आहे. खाडीकाठच्या वाडीचा बांध साफ करतानाही हे लक्षात ठेवावे.

१६. बांबूचे बेट काढायलाही परवानगी लागते का? आणि ते निघता निघत नाही, त्याचे काय?

२०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, त्यामुळे खाजगी, वनेतर जमिनीतील मेस किंवा माणगा या बांबूंची गणना त्या कायद्यात झाड म्हणून होत नाही. जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर प्रश्न १५ मधील नियम लागू होतात.

बेट मधोमध खोदू नका. आधी काठ्या कंबरेएवढ्या उंचीवर तोडून घ्या, बाहेरच्या कडेने चर काढा आणि कंदांचा गुंता रिपरने कलिंगडाच्या फोडींसारखा विभागून एकेक फोड बाहेर काढा. मोठे बेट एका ओढीत काढण्याचा प्रयत्न केला तर लहान यंत्राचे मागचे ट्रॅक उचलले जातात. बाहेरच्या कडेचे कोवळे कंद निरोगी असतील तर ते दुसऱ्या बांधावर लावता येतात. त्यासाठी हे काम पावसाच्या तोंडावर ठेवावे.